डॉक्टरांची बुधवारची सुट्टी

आमचे डॉक्टर इलेक्शनला उभे राहणार, ही बातमी मला सुकट विकणाऱ्या बाईकडून कळली. मुरबाडच्या बाजारात मी तिच्यापुढे पिशवी पसरून उभी, आणि ती माप भरता भरता म्हणते, “काय गो यमुनाताय, तुझा डाक्टर उभा रातो ना? निशानी काय भेटली?”

मी म्हटलं, “कुठं उभा रातो?”

“आता तू पन लपव. सगला बाजार बोलतो. तिकडं भातसानगरला पुढारी बनवायचा शिबिर हाय, तिथं जातो ना जीपनी? घरत डाक्टर पन जातो. दोघांना तिकीट कसा भेटंल गो?”

मला एवढं हसू आलं की सुकटीची पिशवी हातातून निसटली. घरी येऊन डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. तेव्हा ते हसण्याच्या पलीकडे गेले होते. हे सगळं लिहायला बसले आहे ते त्याचसाठी. ते पुन्हा कसे हसायला लागले, ते सांगायचंय.

पण आधी मी कोण ते सांगते. मी यमुना. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. डॉक्टर सावंतांनी मुरबाडला दवाखाना टाकला, त्यानंतर थोड्याच वर्षांत मी तिथं लागले, ते गुडघे ऐकेनासे होईपर्यंत. माझ्या कामाला नाव नव्हतं. सुया उकळायच्या, तेव्हा काचेच्या असायच्या, फेकून द्यायच्या नंतर आल्या. मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची, तिला डोसाच्या खाचा कातरायच्या. गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या. मुलं रडली की धरायची, आया रडल्या की त्यांनाही धरायचं. आणि मुख्य म्हणजे दार सांभाळायचं. कोण आत जाणार, कोण थांबणार, कोण नुसतं गप्पा मारायला आलंय आणि कोण गप्प बसलंय पण आतून खलास आहे, हे ओळखायचं. ते हळूहळू येतं. शिकवून येत नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणजे काय, ते आता शहरातल्या पोरांना समजावून सांगावं लागतं. तिकडे गुडघ्याला एक डॉक्टर, घशाला दुसरा. आमच्याकडे एकच माणूस. तो ताप बघणार, विंचवाचा दंश बघणार, सुनेला दिवस गेले की नाही ते बघणार, आणि सासू त्या सुनेला भात वाढते की नाही तेही विचारणार. सरळगावपासून टोकावड्यापर्यंतची माणसं यायची. एसटीनं, जीपच्या टपावर बसून, डोंगरातल्या वाड्यांवरून चालत. डॉक्टरांना घरची नावं पाठ असत. “काय रे, तुझ्या बापाचा खोकला गेला का?” असं ते म्हणाले की निम्मा ताप तिथंच उतरायचा. खरं सांगते, मी बघितलंय.

याला आमच्याकडे हातगुण म्हणतात. औषध कुठलंही असो, ते कुणाच्या हातून आलं याला किंमत. सावंत डॉक्टरांचा हातगुण मोठा, हे सगळा तालुका मानायचा. पण या हातगुणाचे नियम होते आणि ते लोकांनीच केलेले होते. पहिला नियम, डॉक्टर बदलायचा नाही. आज इकडे, उद्या तिकडे असं केलं की गुण येत नाही. दुसरा नियम त्याहून कठीण. डॉक्टर स्वतः आजारी पडता कामा नये. जो स्वतःला बरं ठेवू शकत नाही, त्याचा हात उतरला. झालं. एकदा हे तोंडातोंडी झालं की बाक रिकामे.

गंमत अशी की हे नुसते अडाणी लोक मानत होते असं नाही. डॉक्टरही मानत होते! बोलून दाखवायचे नाहीत, पण ताप आला तर अंगात स्वेटर घालून बसायचे आणि कोणी विचारलं तर मला सांगायला लावायचे, की पंख्याचा वारा लागतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात. आणि पंखा बंद.

वर्षानुवर्षं एकही दिवस दवाखाना बंद नाही. रविवारी अर्धा दिवस म्हणायचं आणि पेशंट संपेपर्यंत बसायचं. जेवायला घरात जायचे, घर मागेच होतं, तर घास तोंडात असताना कोणीतरी मागच्या दारानं हाक मारायचं. सावंत वहिनी शाळेत शिक्षिका. त्या एकदा मला म्हणाल्या, “यमुनाबाई, यांनी गरम भात शेवटचा कधी खाल्ला, मला आठवत नाही.” त्या शिबिराच्या वर्षी पावसाळ्यात डॉक्टर फार बदलले. नावं विसरायला लागले. सकाळी डोकं धरून बसायचे, म्हणायचे चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि एक दिवस एका बाईवर ओरडले. तिनं पोराला औषध अर्धंच पाजलं होतं. एवढ्यावर हे असे ओरडले की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. ती बाई पोराला घेऊन निघून गेली. डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. मग मला म्हणाले, “मी आता हे काम करायच्या लायकीचा राहिलो नाही.”

त्याच सुमाराला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याकडून विचारणा आली होती. तिथल्या दवाखान्यात बसायचं, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. वहिनींना डॉक्टरांनी सांगितलं, होळीपर्यंत बघतो, नाहीतर पाटी उतरवतो. वहिनींनी मला सांगितलं. मी कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी ती पाटी रोज दोनदा पुसायला लागले. माझ्या पोटाचा प्रश्न होताच, खोटं कशाला बोलू. पण वाड्यांवरची ती माणसं कुठं जाणार होती?

ते शिबिर वहिनींनी शोधून काढलं. भातसानगरला, धरणाच्या कॉलनीजवळच्या एका हॉलमध्ये, महिन्यातला एक रविवार. शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी. नाव होतं नेतृत्व प्रशिक्षण. डॉक्टर नाव ऐकूनच भडकले. “नेतृत्व? मी काय झेंडा घेऊन मोर्चात जाऊ? मला झोप पाहिजे, नेतृत्व नको.” वहिनींनी नुसता डबा भरला. डॉक्टर गेले.

आणि मीही गेले. कारण शिबिराच्या मॅडमची अट होती, प्रत्येक डॉक्टरनं आपल्या दवाखान्याचं दार सांभाळणारं माणूस बरोबर आणायचं. दार कोण उघडतं आणि कोण लावतं, हे डॉक्टर एकटा ठरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. करंदीकर मॅडम. स्वतः डॉक्टर, सगळा जन्म खेड्यात काढलेल्या, केस पांढरे, आवाज असा की माइकची गरज नाही.

मुरबाडहून एकच जीप ठरवली होती, म्हणजे सावंत आणि घरत एकाच जीपमध्ये. हे समजायला त्यांचं काय होतं ते सांगायला हवं. घरत डॉक्टर आमच्याच रस्त्यावर, बाजाराच्या त्या टोकाला. इथलेच, भातशेतीवाल्या घरातले, अंगानं आडवे, बोलायला तोफ. पूर्वी कधीतरी आमच्या एका पेशंटनं त्यांना आमची गोळी दाखवली, तेव्हा त्यांनी भुवई वर केली. नुसती भुवई. पेशंट येऊन आम्हाला सांगतो, “घरत डाक्टरनी असा केला.” तेव्हापासून दोघं रस्त्यात समोर आले तर एकजण पानाच्या दुकानाकडे वळायचा. त्यातला एकही पान खात नव्हता.

जीपवाल्याला हे काय माहीत. त्यानं दोघांना पुढं शेजारी शेजारी बसवलं. किन्हवलीपर्यंत एक डाव्या खिडकीतून बघतोय, एक समोरच्या काचेतून. मागे मी आणि घरतांचे कंपाउंडर भोईरदादा, आम्ही एकमेकांना कोपर मारतोय. मग एका खड्ड्यात जीप अशी आपटली की दोघांची डोकी टपाला लागली, आणि घरत ओरडले, “आयला, सावंत, लागलं का रे?” कित्येक वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य.

शिबिरात पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही. नुसतं विचारलं, “तुम्ही आजारी पडलात की कोणाकडे जाता?”

सगळे डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. शहापूरचे एक म्हणाले, “औषध कंपनीचा माणूस सँपल देतो ना, त्यातलं काहीतरी घेतो.” सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. “आणखी?” एकजण म्हणाले, अंगावर काढतो. एकजण म्हणाले, वेळच नसतो आजारी पडायला. खर्डीच्या एक लेडी डॉक्टर होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “मी बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत दुसऱ्यांची बाळंतपणं करत होते.” मग कोणी हसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे सगळ्या तालुक्याला डॉक्टर आहे, फक्त तुम्हालाच नाही. तुम्ही स्वतःला पुढारी म्हणा नाहीतर म्हणू नका, दहा गावं तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही न जेवता बसलात तर तुमची माणसं पण न जेवता बसतात. तुम्ही दुखणं लपवलंत तर ती पण लपवतात. नेतृत्व हे असं चालूच असतं. ते नीट करायचं की वाईट, एवढंच तुमच्या हातात आहे.”

मी आमच्या डॉक्टरांकडे बघितलं. ते नखांकडे बघत होते.

पुढच्या रविवारांत बरंच काही झालं. कामाची वाटणी कशी करायची, नाही कसं म्हणायचं, रागावण्याआधी उठून पाणी कसं प्यायचं. पोरखेळ वाटेल, पण मोठी मोठी माणसं “नाही” म्हणायचा सराव करताना घामाघूम झालेली मी बघितली आहेत. घरत भोईरदादांना म्हणायचे, “तू पेशंट हो.” दादा म्हणायचे, “डाक्टर, वाईच येता का घरी?” आणि घरत लगेच उठायचे! मॅडम डोक्याला हात लावायच्या.

मग एक काम दिलं. जवळच्या डॉक्टरशी जोडी करायची. आठवड्यातला एक दिवस तुमचा दवाखाना बंद, तुमचे पेशंट तो बघणार. दुसऱ्या एखाद्या दिवशी उलट. मुरबाडची जोडी अर्थातच सावंत आणि घरत. आमची सुट्टी बुधवार, त्यांची शुक्रवार.

पहिल्या बुधवारी मी मोठ्या अक्षरात पाटी लावली. “आज दवाखाना बंद. घरत डॉक्टरांकडे जावे.” सकाळी जाऊन बघते तर पायरी माणसांनी भरलेली. धोंडीबाई सगळ्यात पुढे. ही डोंगराकडच्या वाडीवरची म्हातारी, दम्याची, आमची फार जुनी पेशंट. करवंदं, रानभाजी, काय असेल ते घेऊन यायची.

मी म्हटलं, “आजी, आज बंद हाय. घरतांकडं जा.”

“बसते ना. उघडंल कवातरी.”

“नाय उघडनार. उद्या.”

“मग उद्यापर्यंत बसते.”

“अगो, पन घरत डाक्टर चांगला हाय.”

“चांगला आसंल. त्याच्या हाताला मना गुण नाय.”

“तू कधी गेलीस त्याच्याकडं?”

“कशाला जाऊ? गुण नाय तर.”

दुपारपर्यंत एकही माणूस हललं नाही. धोंडीबाईची छाती वाजायला लागली, आणि डॉक्टर मागच्या दारानं येऊन खुर्चीत बसले. पुढच्या बुधवारी वहिनींनी त्यांना मुद्दाम कल्याणला पाठवलं. तर लोक संध्याकाळपर्यंत बसले आणि जाताना बोलत गेले, डाक्टरच आजारी पडलाय वाटतं. हात उतरला वाटतं. तिकडे शुक्रवारी घरतांच्या पायरीवर हीच तऱ्हा. भोईरदादा मला म्हणाले, “बाय, आपली मानसं म्हंजे मुळ्या फुटलेली झाडं हायेत.”

शिबिराच्या पुढच्या रविवारी आमच्या डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं, “मॅडम, हे शहरात चालत असेल. आमच्याकडे हातगुण आडवा येतो. मी दिवसभर घरात बसलो तरी माझं लक्ष पायरीवर. ही विश्रांती नाही, शिक्षा आहे.” आणि खाली बसता बसता म्हणाले, “मी कारखान्याला हो कळवणार आहे.”

मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडे याचं उत्तर नाही. तुमची माणसं तुम्हाला माहीत.” मला त्या बाई तेव्हाच सगळ्यात जास्त आवडल्या. शिकवणारा माणूस मला माहीत नाही म्हणतो, असं मी पहिल्यांदा बघत होते.

आम्ही जीपनं परत निघालो. किन्हवली गेली, सरळगाव आलं. मग घरत म्हणाले, “सावंत, तुझी माणसं माझ्याकडे येणार नाहीत. तू आलास तर येतील. ये एकदा, मी तुला सगळ्यांसमोर सुई टोचतो. मोठी बघून.” आणि स्वतःच खो खो हसले. त्यांना ठाऊक असणार, कारण सगळ्या मुरबाडला ठाऊक होतं, आमच्या डॉक्टरांना सुईची भीती वाटायची. हजारोंना टोचली असेल, पण स्वतःच्या दंडाला सुई म्हटली की चेहरा पांढरा.

डॉक्टर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी दवाखाना झाडत होते. डॉक्टर बाहेर आले, पायात चपला, खांद्यावर शाल. म्हणाले, “यमुनाबाई, कुलूप लावा. माझं डोकं आठ दिवस उतरलेलं नाही. मी डॉक्टरकडे जातोय.”

मला आधी कळलंच नाही. बाक तोवर अर्धा भरला होता. त्यांना ते म्हणाले, “चला माझ्याबरोबर. मला बरं नाही, मी घरतांकडे चाललोय. तुम्हालाही तेच तपासतील.” आणि चालायला लागले.

तो रस्ता मी रोज तुडवलेला, पण त्या दिवशी तो संपेना. भर बाजार. भाजीवाल्या, भांडीवाले, सुकटवाली. पुढे डॉक्टर, मागे मी, माझ्यामागे धोंडीबाई आणि बाकीचे, वरातीसारखे. सुकटवाली ओरडली, “परचाराला निघाला काय डाक्टर?” डॉक्टर थांबले. तिच्याकडे बघून अगदी स्पष्ट म्हणाले, “नाही. आजारी आहे. औषध घ्यायला चाललोय.” सुकटवालीचा हात तसाच वर राहिला. आसपासचे भाव करणारे वळून बघायला लागले. मी मनात म्हटलं, संपलं. आता उद्यापासून आपण माशा मारणार.

घरतांच्या बाहेरचा बाक गच्च. डॉक्टर सावंतांना बघून माणसं फटाफट उठली. “बसा, बसा. डाक्टर, आत जावा की.” डॉक्टर म्हणाले, “बसा सगळे. माझा नंबर शेवटचा.” आणि बाकाच्या टोकाला, एका पोत्यावर पाय घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याशेजारी बसले. भोईरदादा आतून डोकावले आणि तसेच आत पळाले. मग घरत बाहेर आले. हातात नळी, तोंड उघडं. थट्टा करायला काहीतरी तोंडाशी आलं असणार, पण ते गिळलं त्यांनी. म्हणाले, “नंबर येईल तेव्हा या.” आणि आत गेले. यासाठी मी त्या माणसाला जन्मभर मानलं. आत नेऊन, दार लावून, आपल्या बरोबरीच्या माणसाची अब्रू झाकायची सोय त्यांच्याकडे होती. त्यांना कळलं, की सावंतांना ते नको आहे.

नंबर आला. पडदा आमच्या डॉक्टरांनी स्वतः बाजूला सारला आणि तसाच ठेवला. बाकावरची सगळी माणसं मान वाकडी करून बघत होती. घरतांनी डोळे बघितले, जीभ बघितली, छातीला नळी लावली. मग प्रेशरचं मशीन काढलं, पट्टा दंडाला गुंडाळला, फुगा दाबला. पारा वर चढला, खाली आला. घरतांनी पुन्हा फुगा दाबला. मग पट्टा काढून दुसऱ्या दंडाला बांधला. त्यांचा चेहरा मी बघत होते. भुवई वर गेली नाही, खाली आली.

“सावंत, शेवटचं कधी बघितलंस?”

“माझं? ...आठवत नाही.”

“रोज पन्नास लोकांचं बघतोस.”

“हो.”

“डोकं सकाळीच दुखतं?”

“मला वाटलं चष्मा.”

“चष्मा!” घरतांचा आवाज एकदम चढला. मघाशी जो हळू होता तो आता बाजारात ऐकू जाईल असा. “पेशंटनं तुला असं सांगितलं असतं तर काय केलं असतंस रे? मेला असतास एक दिवस त्या खुर्चीत! पंधरा दिवस दवाखाना बंद. गोळी चालू. उद्या कल्याणला जाऊन ईसीजीची पट्टी काढून आणायची. मीठ बंद. ऐकायचं असेल तर माझ्याकडे ये, नाहीतर दुसरा डॉक्टर बघ!”

आमच्या डॉक्टरांनी मान खाली घातली. म्हणाले, “बरं.”

“आणि सुई?” हे आमच्या डॉक्टरांनी अगदी लहान पोरासारखं विचारलं.

“सुईची गरज नाही. दाखवायला म्हणून मी कोणाला टोचत नाही.”

बाहेर धोंडीबाई माझ्या हाताला धरून उभी होती. तिचे डोळे भरलेले. मला वाटलं, आता म्हणणार, हात उतरला. ती म्हणाली, “बघ गो यमुना. आपला डाक्टर कुनाचा ऐकत नाय. घरवालीचा ऐकत नाय. याचा ऐकला.” मग नाक पुसून म्हणाली, “मना पन याला दाखवायचा हाय. नंबर लाव माझा.”

लोकांचा हिशोब असा कसा फिरला, मला अजून पूर्ण कळलेलं नाही. इतकी वर्षं जे लपवलं, ते उघड झालं आणि काहीच कोसळलं नाही. उलट त्या पंधरा दिवसांत लोक आमच्या डॉक्टरांसाठी दुधी, पडवळ, काय काय ठेवून गेले, आणि निरोप देऊन गेले की मीठ घालू नका. वाडीवरचा एक बाप्या, जन्मात ज्यानं डॉक्टरचं तोंड बघितलं नव्हतं, तो घरतांकडे येऊन म्हणाला, “सावंत डाक्टर आला तर मी कोन लागून गेलो? बघा माजा पन पारा.”

मला त्या पंधरा दिवसांत घरतांकडे मदतीला पाठवलं होतं. दोन्हीकडची गर्दी एका दारात. शेवटच्या दिवशी घरत खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “यमुनाबाई, तुमच्या डॉक्टरला सांगा, शुक्रवारी मी मेलोय असं समजायचं.” तेव्हापासून शुक्रवारही खरा झाला.

सगळ्यांचं असं झालं नाही, तेही लिहिते. खर्डीच्या त्या लेडी डॉक्टरांना जोडीच मिळाली नाही. जवळपास दुसरा डॉक्टरच नव्हता, ज्याच्याकडे पेशंट पाठवून त्या एक दिवस झोपल्या असत्या. पुढे काही वर्षांनी त्या दवाखाना बंद करून कल्याणच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागल्या. चांगल्या डॉक्टर होत्या हो. एकट्या माणसानं शिबिरातून शिकून तरी काय करायचं? दुसरं माणूस लागतंच. त्याचा विचार मनात आला की मला आजही हळहळ वाटते.

आमच्या डॉक्टरांनी कारखान्याला नाही कळवलं. होळी आली आणि गेली, पाटी जागेवर राहिली.

मग दोन-तीन वर्षं गेली असतील. एका बुधवारी दुपारी मी दवाखाना धुवायला आले होते. बघते तर पायरीवर करंदीकर मॅडम. हातात पिशवी, उन्हानं लाल झालेल्या. शहापूरला कामासाठी आल्या होत्या, तिथून वाट वाकडी करून मुरबाडला आल्या, जोडी टिकली का ते डोळ्यांनी बघायला. कोणालाच कळवलं नव्हतं. आणि एक बाई त्यांना दमात सांगत होती, “आवं, इथं नका बसू. आज बुधवार हाय. घरतांकडं जा, इथून सरळ. काय व्हतंय तुमाला? दम लागतो?”

मॅडम म्हणाल्या, “नाही हो, मला काही होत नाही.”

“मग कशाला दवाखान्याच्या दारात बसलाव?”

मी त्यांना हाताला धरून मागच्या दारी नेलं. वहिनी शाळेत होत्या. चहा टाकला. मॅडमनी एकेक विचारलं. धोंडीबाईचं, घरतांचं, माझ्या गुडघ्यांचं. मग म्हणाल्या, “आणि डॉक्टर?”

मी आतल्या खोलीकडे बोट केलं. दार अर्धवट लोटलेलं. डॉक्टर चटईवर आडवे, एक हात छातीवर, चष्मा उशाशी, तोंड थोडं उघडं, घोरत होते. अगदी निवांत. मी म्हटलं, “उठवू का? तुम्ही एवढ्या लांबून आलात. त्यांना फार वाईट वाटेल.”

मॅडम दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग मागे वळल्या, चहाची बशी उचलली आणि ती खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून पदराच्या टोकावर ठेवली.

“नको,” त्या कुजबुजल्या. “मला जे बघायचं होतं ते बघून झालं.”

आणि त्या बाई चपला हातात घेऊन अंगण ओलांडून गेल्या. फाटकाबाहेर रस्त्यावर पोचल्यावर त्यांनी त्या पायात घातल्या.